वेधनतंत्राची परिभाषा : हिवरखेड परिसराच्या संदर्भात

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबई हाय येथे तेलाचा शोध लावला. रिग, बिट, केसिंग ही तेलविहिरींची परिभाषा तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडच्या शेतकऱ्यासही परिचित आहे. मात्र येथील शोध पाण्याचा आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या गावाच्या दक्षिणेस पूर्णेचा गाळाचा प्रदेश व खारपाणपट्टा आहे. भूस्तरानुसार तंत्र बदलते. बेसाल्टमध्ये दाबाच्या हवेवर चालणारा हातोडा खडक फोडतो. गाळात तेलविहिरीप्रमाणे फिरते बिट व चिखलाचे द्रावण उपयोगी पडते. ते चुरा वर आणते, बिट थंड ठेवते व भिंत सावरते. केसिंग खारा थर रोखते. ते चुकीच्या खोलीवर बसल्यास गोडे पाणीही बिघडते.

पहार, सुरुंग, मोट, थारोळे ही जुन्या विहिरीची शब्दसंपदा होय. विहीर ‘खणली’ जाई, बोअर ‘मारला’ जातो. या क्रियापदांत श्रमाकडून यंत्राकडे झालेले संक्रमण नोंदले गेले आहे. खणणाऱ्यास प्रत्येक थर प्रत्यक्ष दिसे. आज तो चुऱ्यावरून ओळखावा लागतो. म्हणूनच ही परिभाषा स्थानिक जलइतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरते.