सामाईक फोल्डरचा जुना तंटा

अमेरिकेतल्या एमआयटीत १९६५ पूर्वी एखाद्याला सहकाऱ्यासाठी निरोप ठेवायचा असेल, तर तो एक फाइल तयार करी, तिला ‘टू टॉम’ असं काहीतरी नाव देई आणि सामाईक डिरेक्टरीत टाकून घरी जाई. टॉम कुठल्याही टर्मिनलवर बसला की त्या डिरेक्टरीची यादी चाळे आणि आपल्या नावाची फाइल दिसली तर छापून घेई. १९६५ च्या उन्हाळ्यात टॉम व्हॅन व्हलेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी हा उद्योग सोपा करण्यासाठी ‘मेल’ नावाची आज्ञा लिहिली. आजच्या ईमेलचा एक पूर्वज असा सामाईक फोल्डरात वाढला.

ज्या यंत्रणेवर हे चाललं होतं तिचं नाव सीटीएसएस. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१ मध्ये तिचं पहिलं प्रात्यक्षिक दाखवलं. तोवर संगणक एका वेळी एकाचंच काम करी. बाकीचे पंच कार्डांचा गठ्ठा देऊन निकालाची वाट बघत. सीटीएसएसने एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटला आणि त्याबरोबर एक नवाच प्रश्न उभा केला. डिस्क एक, माणसं अनेक. मग कुणाची फाइल कुणी बघायची? प्रत्येकाला स्वतःची डिरेक्टरी आणि पासवर्ड मिळाला. एका प्रकल्पावर काम करणाऱ्यांसाठी सामाईक डिरेक्टऱ्याही ठेवल्या गेल्या. पुढे आपली फाइल दुसऱ्याला खुली करण्यासाठी ‘परमिट’ आणि दुसऱ्याच्या फाइलशी जोडून घेण्यासाठी ‘लिंक’ अशा आज्ञा आल्या.

सामाईक जागा म्हटली की भांडण आलंच. साठच्या दशकाच्या मध्यावर एक दिवस सीटीएसएसवर लॉग इन करणाऱ्या प्रत्येकासमोर रोजच्या सूचनेऐवजी यंत्रणेतल्या सगळ्या वापरकर्त्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. यात चोरी नव्हती, हॅकिंगही नव्हतं. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करणार असं गृहीत धरून तिथला एडिटर लिहिलेला होता, त्यामुळे तो तात्पुरत्या फाइलला नेहमी तेच ठरलेलं नाव देई. त्या दिवशी यंत्रणा सांभाळणारे दोघे जण एकाच डिरेक्टरीतून काम करत होते. एक जण रोजची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता. दोघांच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली. कॉर्बाटो यांनी आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा किस्सा आवर्जून सांगितला आहे.

सीटीएसएसनंतर एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून मल्टिक्स ही यंत्रणा हाती घेतली. डिरेक्टरीत डिरेक्टरी, तिच्यात आणखी डिरेक्टरी ही रचना तिथे पक्की झाली. प्रत्येक फाइलला एक यादी जोडलेली असे: अमक्या माणसाला फक्त वाचता येईल, तमक्या प्रकल्पातल्या लोकांना लिहिताही येईल. आज तिला ॲक्सेस कंट्रोल लिस्ट म्हणतात.

गंमत अशी की एमआयटीत मल्टिक्सच्याच इमारतीत कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या मंडळींनी नेमकी उलटी वाट धरली होती. त्यांच्या आयटीएस या यंत्रणेत कुणाचीही फाइल कुणीही उघडावी, दुरुस्त करावी. आडकाठी नाही, सुरुवातीला पासवर्डही नाही. मूठभर, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांत ते निभावून गेलं.

बेल लॅब्जने १९६९ मध्ये मल्टिक्समधून अंग काढून घेतलं. तिथल्या केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी छोट्या यंत्रावर स्वतःची सुटसुटीत यंत्रणा उभी केली, ती युनिक्स. छोट्या यंत्राला लांबलचक याद्या परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून परवानग्या मोजक्या बिट्समध्ये बसवल्या गेल्या. १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये जग दोघांतच वाटलेलं दिसतं: मालक आणि मालक नसलेले. त्यांच्या युनिक्सवरच्या १९७४ च्या प्रसिद्ध निबंधात सात बिट्सचा उल्लेख आहे, पण माणसांचे वर्ग अजून तेच दोन. त्या निबंधाच्या १९७८ च्या सुधारित आवृत्तीत बिट्स दहा झाले, कारण मधल्या काळात ‘ग्रुप’ आला होता. मालक, ग्रुप आणि इतर अशा तिघांना वाचणं, लिहिणं, चालवणं या तीन परवानग्या. म्हणजे दहांतले नऊ बिट्स. युनिक्सच्या वळणाचं लिनक्स वापरणारा आज ७५५ किंवा ६४४ टंकतो तेव्हा याच नऊ बिट्सचा हिशेब मांडत असतो: वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १.

ग्रुप आला तरी तंटा मिटला नाही. युनिक्समध्ये फाइल पुसण्याचा हक्क फाइलवरून ठरत नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावरून ठरतो. सगळ्यांना लिहिता येईल अशी डिरेक्टरी केली की कुणीही कुणाचीही फाइल उडवू शके, आतला मजकूर वाचण्याची परवानगी नसतानाही. तात्पुरत्या फायलींच्या सार्वजनिक डिरेक्टरीत हे फार जाचक ठरलं. युनिक्सच्या बीएसडी या शाखेच्या १९८६ च्या ४.३ आवृत्तीने एका जुन्या बिटला नवं काम दिलं. हा ‘स्टिकी बिट’ लावला की वाड्यातल्या सामाईक दोरीचा नियम लागू होतो: कपडे कुणीही वाळत घालावेत, काढायचे मात्र ज्याचे त्याने.

दुसरी अडचण नव्या फायलींची. ग्रुपच्या फोल्डरात कुणी नवी फाइल केली तर ती त्या ग्रुपची मानायची की करणाऱ्याच्या मूळ ग्रुपची? बीएसडीने पहिली रीत धरली, युनिक्सच्याच सिस्टिम फाइव्ह या दुसऱ्या शाखेने दुसरी. तोडगा निघाला तो फोल्डरवरच्या ‘सेट ग्रुप आयडी’ बिटचा: तो लावला की आतली प्रत्येक नवी फाइल फोल्डरचाच ग्रुप घेते. एका माणसाला एकाच वेळी अनेक ग्रुपांत राहण्याची सोय १९८३ च्या ४.२ बीएसडीने दिली होती, त्यामुळे एक जण दोन-तीन कामांच्या फोल्डरांत सहज वावरू लागला.

घरगुती संगणकाने हे सारं शहाणपण बराच काळ बाजूला ठेवलं. विंडोज ९५ नाव आणि पासवर्ड विचारी, पण एस्केप दाबलं की आत प्रवेश मिळे. तिच्या फॅट फाइल सिस्टिममध्ये मालकी नोंदवायला जागाच नव्हती. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने एनटीएफएसमधून मल्टिक्सच्या धर्तीची यादी परत आणली. घराघरांत ती पोचली २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर. प्रत्येकाचं खातं वेगळं आणि सगळ्यांसाठी ‘शेअर्ड डॉक्युमेंट्स’. व्हिस्टाने त्याचं ‘पब्लिक’ केलं. मॅक ओएस एक्सनेही ‘शेअर्ड’ फोल्डर दिला, शिवाय प्रत्येक खात्यात ‘ड्रॉप बॉक्स’ ठेवला. त्यात इतरांनी फाइल टाकावी, आत डोकावू मात्र नये.

जुन्या कटकटीने मात्र पाठ सोडली नाही. एनटीएफएसवर एकाच ड्राइव्हमध्ये हलवलेली फाइल आपल्या जुन्या परवानग्या बरोबर घेऊन येते, कॉपी केलेली नव्या फोल्डरच्या घेते. म्हणून सामाईक फोल्डरात ओढून आणलेला फोटो घरातल्या दुसऱ्या खात्याला कधीकधी उघडत नाही. वैतागलेला माणूस मग विंडोजवर ‘एव्हरीवन’ला पूर्ण ताबा देतो किंवा लिनक्सवर ७७७ टंकून मोकळा होतो. फोल्डर उघडतो खरा, पण ज्या गोंधळातून बाहेर पडायला वीस-पंचवीस वर्षं गेली तो एका आज्ञेत परत येतो. त्यापेक्षा पाच मिनिटं खर्चून एक ग्रुप तयार करावा, गरजेची खाती त्यात घालावीत आणि फोल्डरची परवानगी त्या ग्रुपलाच द्यावी. लिनक्सवर सोबत ‘सेट ग्रुप आयडी’ लावावा आणि नव्या फायलींत ग्रुपला लिहिता येईल असा युमास्क (नव्या फायलींच्या परवानग्या ठरवणारा आकडा) ठेवावा. विंडोजवर फाइल हलवण्याऐवजी कॉपी करावी.