धूप : नाकारलेला आणि स्वीकारलेला

बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यासारख्या वस्तीत धूप-ऊद म्हटले की देवघर व दर्गा आठवतो. म्हणून तो ख्रिस्ती उपासनेत असावा काय, असा प्रश्न उठतो. प्रश्न जुनाच आहे.

इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनीपुढे सम्राटाच्या मूर्तीस धूप व द्राक्षारस अर्पून ज्यांनी ख्रिस्ताला शाप दिला, ते सुटले. ठाम राहिलेल्यांना त्याने देहदंड दिला. इ. स. २५० च्या छळात ज्यांनी धूप घातला, त्यांना मंडळीत 'धूप घालणारे' हे पतितांचे नाव पडले.

पुढे छळ थांबला. चौथ्या शतकाच्या अखेरीस यात्रेकरू एगेरियाने यरुशलेमेत रविवारी पहाटे पुनरुत्थानाचे मंदिर धूपाने भरलेले पाहिले. त्यानंतर बिशपांनी पुनरुत्थानाचे शुभवर्तमान वाचले.

धूप तोच, परंतु अर्पण कोणास, हे बदलले. वादापूर्वी आपण मंडळीस एवढे शिकवावे, असे आम्हांस वाटते.