दहावा मनुष्य
मुंबईच्या कोट भागांतील केनेसेथ एलियाहू हें यहुदी प्रार्थनामंदिर जेकब ससून यांनीं १८८४ सालीं आपल्या पित्याच्या स्मरणार्थ बांधविलें. २०१९ सालीं त्याचा जीर्णोद्धार पुरा झाला. रंगीत काचांच्या खिडक्या, खांब, स्त्रियांसाठीं असलेला वरचा सज्जा, सारें पुन्हां उजळलें. युनेस्कोनेंही त्याच वर्षीं या कामाचा गौरव केला. परंतु जुन्या यहुदी रीतीप्रमाणें तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमल्यावांचून सामुदायिक प्रार्थना पूर्णत्वास जात नाहीं. आणि १९४८ नंतर येथील बहुतेक यहुदी इस्रायलादि देशीं निघून गेले. काच, दगड कारागीर सांधतील; दहावा मनुष्य त्यांस घडवितां येत नाहीं. वास्तु वांचली, याचा आम्हांस आनंदच आहे. मात्र तींत दहा माणसें जमतील तोंवरच तें मंदिर, एरव्हीं देखणें संग्रहालय.