राखेची टेकडी आणि आपल्या गावची पांढरी

हंपीला आपल्याकडून दरवर्षी गाड्या भरून लोक जातात. विरूपाक्षाचं दर्शन, दगडी रथापुढे फोटो, तुंगभद्रेत पाय बुडवले की परतीचा रस्ता. पण हंपीजवळच्याच निंबापूरम गावात राखेचा एक भला मोठा ढिगारा आहे, तिकडे सहसा कुणी वळत नाही. तिथले लोक सांगतात, ही वालीची राख. रामाने वालीला मारलं, त्याचं दहन इथं झालं. बळ्ळारी-होस्पेट रस्त्यावर कुडतिनीजवळ असाच दुसरा ढीग. त्याचं नाव बूदिगुंटा. कन्नडमध्ये बूदी म्हणजे राख. ही म्हणे भीमाने मारलेल्या हिडिंबासुराची चिता.

असे ढिगारे एकदोन नाहीत. उत्तर कर्नाटक आणि त्याला लागून असलेल्या आंध्र-तेलंगणात मिळून शंभराहून जास्त नोंदले गेलेत. काही माळावर, काही टेकडीच्या पायथ्याशी, काही थेट माथ्यावर. काही ठिकाणी राख वितळून काचेसारखी घट्ट झालेली. एवढी राख आली कुठून, यावर इंग्रजांच्या काळात शंभर वर्षं वाद चालला. कुणी सामूहिक चिता म्हणालं, कुणी धातूच्या भट्टीची मळी म्हणालं.

रॉबर्ट ब्रूस फूट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने मात्र वेगळंच सांगितलं. हे तेच फूट, ज्यांना १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हातकुऱ्हाड सापडली होती. ते म्हणाले, ही शेणाची राख आहे. गुरांच्या वाड्यात साचलेलं शेण जाळलं, त्याचे हे ढीग. पुढे १९५० च्या दशकात झॉयनर या शास्त्रज्ञाने कुडतिनीची राख तपासली आणि फूट बरोबर ठरले. चाऱ्यात वाळूच्या जातीचा अंश असतो, तो शेणात उतरतो. प्रचंड आग लागली की तोच वितळून काच होतो. राक्षस गेला, गाय आली!

नक्की काय घडत होतं ते दाखवलं रेमंड ऑलचिन यांनी. १९५७ मध्ये त्यांनी तेलंगणातल्या उतनूरचा ढिगारा खोदला. खाली लाकडी खोडं गाडून केलेल्या कुंपणाच्या खुणा निघाल्या. आणि थरांमध्ये चक्क गुरांच्या खुरांचे ठसे! म्हणजे वाडा बांधायचा, गुरं कोंडायची, शेण साचू द्यायचं, पेटवून द्यायचं, परत वाडा बांधायचा. हे पुन्हा पुन्हा झालेलं. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. शिवराय सोडा, सम्राट अशोकसुद्धा त्यानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी आला.

एवढं शेण जाळायचं कशाला? ऑलचिन यांचा तर्क असा, की ही ठराविक ऋतूत लावलेली आग असावी, सणाची. कर्नाटकात आजही संक्रांतीला गुरांना आगीवरून उडवतात. आपल्या होळीत गोवऱ्या कशाला लागतात, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. हा तर्कच आहे, पुरावा नाही. पण तर्क करावासा वाटतो, हे खरं.

आता यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा बघा. बळ्ळारीला लागूनच संगनकल्लू आहे. तिथल्या टेकडीच्या माथ्यावर राखेचा थर आहे आणि त्याच्यावर वस्तीचे थर चढलेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सुब्बराव यांनी तिथे खोदकाम केलं, त्यांचा ग्रंथ १९४८ साली कॉलेजनेच छापला. पुढे त्याच कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी १९९० च्या दशकात बूदिहाळला ढिगाऱ्याशेजारची अख्खी वस्ती शोधली. गुरांचा वाडा, जनावरं कापण्याची जागा, घरं. म्हणजे हे लोक नुसते भटके गुराखी नव्हते. संगनकल्लूच्या मातीत तर मूग आणि हुलगे सापडले. आपण हुलग्याचं माडगं पितो ना, ते हुलगे खाणारी माणसं ही. शेजारच्या कुपगलच्या डोंगरावर डोलेराईट नावाच्या काळ्या दगडाच्या कुऱ्हाडी घडवायचा त्यांचा कारखानाच होता. तिथल्या दगडांवर त्यांनी बैल कोरलेत, आणि काही दगड असे आहेत की ठोकले की घंटेसारखे वाजतात.

आणि आता दुखणं. त्याच कुपगलच्या डोंगरावर दगडखाणी लागल्या. ज्या दगडांवर हजारो वर्षांपूर्वीचे बैल आहेत तेच खडी व्हायची भीती अभ्यासकांनी २००४ मध्येच लिहून ठेवली. राखेचे ढीग तर शेतकरी खत म्हणून गाड्या भरून नेत आलेत. त्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही की हे काय आहे. उलट, 'ही वालीची राख' एवढं ज्या गावाला माहीत होतं, तिथे निदान हात लावताना माणूस दोनदा विचार करत असेल. ती कथा खोटी म्हणून आपण हसलो आणि तिच्या जागी खरं सांगायला विसरलो.

मित्रांनो, हे दूरच्या बळ्ळारीचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे गावाबाहेर जे पांढरीचं टेकाड असतं, तेही असंच आहे. नेवाशाचं लाडमोड, दौंडजवळच्या घोड नदीकाठचं इनामगाव ही अशीच टेकाडं होती. संकालियांसारख्यांनी ती खोदली म्हणून साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा महाराष्ट्रातला शेतकरी आपल्याला दिसला. बाकीच्या किती पांढऱ्या जेसीबीने उचलून शेतात आणि रस्त्याच्या भरावात गेल्या, याचा हिशेब कुणाकडे आहे?

किल्ल्याचा एक चिरा पडला तर आपण पेटून उठतो. उठलंच पाहिजे. पण ज्या माणसाने पहिल्यांदा गुरं पाळली, हुलगे पेरले, त्याचा ना पुतळा, ना जयंती. त्याच्याकडे फक्त राख, खापऱ्या आणि पांढरी माती आहे. ती गेली की तो संपला.

म्हणून एकच मागणं. आपल्या गावच्या पांढरीतून मुरूम-माती उचलायचा ठराव ग्रामसभेत आला तर हात वर करण्याआधी एकदा तिथे जाऊन या. रंगीत खापऱ्या, हाडं, घासलेले दगड दिसले तर फोटो काढा, तहसीलदारांना आणि पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा, पोच घ्या. तुमच्या गावात असं टेकाड असेल तर खाली कमेंटमध्ये गावाचं नाव आणि लोक त्याला काय म्हणतात ते लिहा. आपल्या तालुक्याची निदान एक यादी तरी होऊ द्या.