सर्पगंधा व रेसर्पीन

सर्पगंधा (म. अडकई; हिं. छोटा चांद, लॅ. राउवोल्फिया सर्पेंटिना, कुल–ॲपोसायनेसी) हे भारत, श्रीलंका, म्यानमार व आग्नेय आशियात आढळणारे लहान, सदाहरित झुडूप आहे. त्याच्या मुळांपासून मिळणाऱ्या रेसर्पीन या अल्कलॉइडामुळे विसाव्या शतकात अतिरिक्त रक्तदाब व मनोविकार यांच्या उपचारांस नवी दिशा मिळाली.

भारतीय लोकवैद्यकात सर्पदंश, ताप, निद्रानाश व उन्माद यांवर ही मुळी फार पूर्वीपासून वापरात होती; बिहारमध्ये तर ती ‘पागल की दवा’ म्हणूनच ओळखली जाई. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात सर्पविषावरील एका काष्ठौषधीचे वर्णन केले असून अनेक अभ्यासक ती सर्पगंधाच मानतात. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्यूम्ये यांनी १७०३ मध्ये या प्रजातीस सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लेओनहार्ट राउवोल्फ यांचे नाव दिले.

मुळीचा शास्त्रीय अभ्यास मुख्यतः भारतात सुरू झाला. १९३१ मध्ये सलीमुझ्झमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी दिल्ली येथे तीतून पाच स्फटिकी अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी अजमलीन हे नाव हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ दिलेले असून हे द्रव्य पुढे हृदयाच्या अनियमित स्पंदनांवर उपयुक्त ठरले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मुळीच्या चूर्णाने उन्माद शमतो व रक्तदाब उतरतो, असे प्रसिद्ध केले. १९३३ मध्ये रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी तिच्या औषधी क्रियेचे प्रायोगिक परीक्षण केले. तथापि हे कार्य भारतीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाल्याने पाश्चात्त्य वैद्यकाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. शिवाय मिळालेल्या स्फटिकी अल्कलॉइडांनी मुळीच्या शामक गुणाचा पुरता उलगडा होत नव्हता.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृद्‌रोगतज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी अतिरिक्त रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सेन व बोस यांच्या लेखानंतर अठरा वर्षांनी जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पारितोषिक मिळाले. दरम्यान १९५२ मध्ये बाझेल (स्वित्झर्लंड) येथील सिबा कंपनीतील म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी मुळीतील राळयुक्त भागातून रेसर्पीन वेगळे केले. न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी त्याचा उपयोग करून १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५६ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी त्याचे संश्लेषण साधले.

रेसर्पिनाने मेंदूतील सेरोटोनिनाचा साठा रिता होतो, असे १९५५ मध्ये अमेरिकेत दिसून आले. १९५७ मध्ये स्वीडनमधील आर्व्हिद कार्लसन यांनी रेसर्पिनाने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. कंपवातावरील एल-डोपा चिकित्सेचा पाया यातून घातला गेला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मनोव्यापारांना रासायनिक अधिष्ठान असते, या विचारास अशा प्रयोगांनी बळकटी आली.

विषण्णता, नाक चोंदणे यांसारख्या अनिष्ट परिणामांमुळे व अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध झाल्याने रेसर्पिनाचा वापर पुढे बराच घटला. मागणी वाढली तेव्हा मात्र त्याची झळ वनस्पतीला बसली. मुळी काढावयाची म्हणजे संपूर्ण झुडूप उपटावे लागते. त्यामुळे भारतातील वनांत सर्पगंधा विरळ झाली. रेसर्पीन मिळविण्यासाठी राउवोल्फिया व्हॉमिटोरिया या आफ्रिकी जातीचाही उपयोग होऊ लागला. १९९० मध्ये सर्पगंधेचा समावेश वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला. लोकवैद्यकाने शतकानुशतके जपलेली ही मुळी तिचे मोल जगाला पटल्यानंतरच दुर्मिळ झाली.