डेम्लोच्या वाटेवर सतरा अंक

साल 1938. सोलापूर स्टेशनावर तुम्ही उभे आहात. जुन्या गिरणीचा भोंगा नुकताच वाजून गेलाय. मुंबईकडची पॅसेंजर धापा टाकत फलाटाला लागते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडकीची जागा धरा, मांडीवर पाटी घ्या. कुर्डुवाडी येईपर्यंत एकच गुणाकार करायचा आहे: 111111111 गुणिले 111111111.

पाढे आठवायला नकोत. तीच ओळ नऊदा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. आता बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक एकं, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ, आणि तिथून पुन्हा एकेक कमी होत एकावर. हातचा कुठेच येत नाही. पाटीवर उतरते 12345678987654321. ‘लीलावती’तल्या क्रमाने स्थाने मोजलीत तर डावीकडचा 1 थेट ‘मध्य’ या स्थानावर, परार्धाच्या एकच पायरी अलीकडे.

मधला 9 बोटाने झाका. डावीकडे उरले 12345678, उजवीकडे 87654321. त्यांची बेरीज 99999999! झाकलेलाच अंक आठ वेळा वर आला. आता सगळे अंक मिळवा: 81. आणि ही संख्या 81 ने नि:शेष भागते. भागाकार म्हणजे 12345679 चा वर्ग. त्या 12345679 मध्ये 8 नाही, आणि ती 37 गुणिले 333667 आहे. इथे मला खरोखर थांबून पाहत राहावेसे वाटते.

पुण्याला वाफेचे इंजिन सुटते, विजेचे जोडले जाते. बोरघाट उतरताना दहा एकं घेऊन बघा. मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा येतो आणि उत्तर होते 1234567900987654321. उलटे वाचले तर आता तीच संख्या येत नाही. दशमान पद्धतीत ही शोभा नऊ एकांपर्यंतच टिकते.

पण या संख्येचे गोत्र त्याहून मोठे आहे. 165 घ्या: 1 आणि 5 मिळून मधला 6. किंवा 2553: टोकांचे 2 आणि 3 मिळून 5, तोच मध्ये भरलेला. हे नाते ओळखले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. कल्याणला गाडी बदललीत तर देवळालीला जाल. तिथल्या शाळेत ते 1930 पासून शिकवतात. याच वर्षी ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये त्यांचा या संख्यांवरचा लेख आलाय. आकड्यांवर इतके प्रेम करणारा शाळामास्तर महाराष्ट्राला लाभला, याचा मला फार अभिमान आहे.

तुम्ही मात्र बसून राहा. थोड्याच वेळात, मुंबईच्या तीस मैल अलीकडे, डोंबिवली, म्हणजेच डेम्लो, येईल. कल्पना सुचली ती इथे, म्हणून त्या संख्यांना त्यांनी या स्टेशनाचे नाव दिले: डेम्लो संख्या. पुढच्या वर्षी सहलेखक गुंजीकरांसोबत त्यांचा सिद्धान्त मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापून येईल.