पदपथावरून पक्क्या घराकडे

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील पदपथांवरील झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकार मान्य केला. डोक्यावर ही टांगती तलवार असतानाच भायखळ्याच्या पदपथवासी स्त्रिया घर उभारण्याची विद्या शिकू लागल्या. १९८६ साली 'स्पार्क' या संस्थेच्या साहाय्याने त्यांची 'महिला मिलन' ही संघटना आकारास आली. मोलमजुरीच्या तुटपुंज्या मिळकतीतून त्यांनी दररोज बचत केली, घरांचे आराखडे स्वतः आखले आणि खऱ्या मापाच्या प्रतिकृती उभारून ते पारखले. खोली १४ फूट उंच ठेवून पोटमाळा काढला, तर थोडक्या जागेतही कुटुंब नांदू शकते, हे त्यांनी जाणले. पुढे मानखुर्दला त्यांचे 'मिलन नगर' वसले. तेथील भिंतींच्या कितीतरी आधी या भगिनींचा परस्परांवरील विश्वास उभा राहिला होता.